जुनं सोनं मोडायला पहिल्यांदाच जाताय? एवढं सांभाळा

सराफाकडे जाण्याआधी दागिन्यावरचा शिक्का बघा. ९१६ म्हणजे २२ कॅरेट, ७५० म्हणजे १८. सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असेल तर तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून खात्री करा. शिक्का नसला तरी घाबरू नका. हॉलमार्किंग केंद्रात थोड्या शुल्कात शुद्धता तपासून मिळते. हे काम आधी करा, म्हणजे दुकानात तुम्ही अंदाजावर अवलंबून राहणार नाही.

हिशोब सोपा आहे. हार २० ग्रॅमचा, त्यात खडे, काळे मणी, लाख मिळून २ ग्रॅम. निव्वळ १८ ग्रॅम. ९१६ असेल तर १८ × ०.९१६, म्हणजे सुमारे १६.५ ग्रॅम शुद्ध सोनं. त्याला २४ कॅरेटच्या त्या दिवशीच्या भावाने गुणा.

नवखे इथेच फसतात: २२ कॅरेटचा भाव लावून वर पुन्हा शुद्धतेची कपात. एकच घट दोनदा! भाव कोणत्या कॅरेटचा, हे आधी स्पष्ट विचारा.

आणखी तीन गोष्टी:
- वजन तुमच्यासमोर, काटा शून्यावर आणून.
- 'तूट' (वितळवताना होणारी घट म्हणून सराफ कापतो ते वजन) किती टक्के, हे वितळवण्याआधी ठरवा. एकदा आटवलं की दागिना परत मिळत नाही.
- किमान तीन ठिकाणी विचारा. लेखी आकडा मागा, पैसे खात्यात घ्या.

मजुरी आणि जीएसटी परत मिळत नाही, ती अपेक्षा सोडा. मूळ पावती असेल तर ज्यांच्याकडून घेतलं त्यांनाच आधी विचारा. बऱ्याचदा तिथे तूट कमी धरतात.