लांब पल्ल्याच्या माउंटन सायकलसाठी कोणता सस्पेन्शन फोर्क घ्यावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सायकल २९ इंची चाकांची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली), पुढचे चाक धरणारा दोन पायांचा फोर्क कंपनीनेच बसवून दिलेला, स्प्रिंगचा, १०० मिलिमीटर ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबू शकणारा, आपले वजन ६४ किलो. रविवारी पेंच कालव्याच्या काठाने रामटेकपर्यंत जाणे-येणे होते आणि डिसेंबरात सामान बांधून दोन दिवसांत चिखलदरा गाठण्याचा बेत आहे. ऐंशी किलोमीटरनंतर हातांना मुंग्या येतात, म्हणून दुकानदाराने १४० मिलिमीटरचा फोर्क सुचवला आहे. तो घ्यावा का?

घेऊ नये. मीही नागपूरचाच असून गेल्या नऊ वर्षांत तीन फोर्क वापरले आहेत. त्यांतला एक मी असाच जास्त ट्रॅव्हलच्या मोहाने घेतला होता, त्यामुळे हे उत्तर काहीसे स्वतःच्या खिशाला लागलेल्या चटक्यावरून देत आहे.

सायकलच्या सांगाड्याची भूमिती विशिष्ट उंचीचा फोर्क गृहीत धरून ठरवलेली असते. फोर्क २० मिलिमीटरने उंच झाला की पुढच्या नळीचा कोन साधारण एका अंशाने मागे कलतो, म्हणजे ४० मिलिमीटरला जवळजवळ दोन अंश. हँडल वर जाते, सीट मागे झुकते आणि पुढच्या चाकावरचे वजन कमी होते. सपाटीवर हे फारसे जाणवत नाही, परंतु परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना, पाय थकलेले असताना, पुढचे चाक डावी-उजवीकडे भरकटू लागते आणि ते सरळ ठेवण्यातच खांदे भरून येतात. शिवाय लांब फोर्क सांगाड्याच्या पुढच्या जोडावर जास्त ताण देतो, आणि तो सांगाडा त्या ताणासाठी बनवलेला नसतो. १४० मिलिमीटर ट्रॅव्हल उपयोगी पडतो तो उंचावरून उड्या मारणाऱ्याला किंवा तीव्र खडकाळ उतार वेगाने उतरणाऱ्याला. आपल्या वाटेवर मुरूम आहे, गिट्टी आहे, बैलगाडीच्या चाकोऱ्या पडलेले पांदण रस्ते आहेत. यातला एकेक धक्का लहान असतो. दिवसभरात त्यांची संख्या मात्र हजारोंच्या घरात जाते. फोर्क किती खोल दबू शकतो यापेक्षा तो लहान धक्क्याला किती चटकन दबतो आणि पुढच्या धक्क्याआधी पूर्ववत होतो की नाही, यावर आपल्या हातांचे सुख अवलंबून आहे.

फोर्कचा विचार करण्याआधी टायरमधली हवा पाहावी, कारण तो खर्च शून्य आहे. रस्त्यावरच्या हवावाल्याकडे भरलेल्या माउंटन सायकलच्या टायरमध्ये मला बहुतेक वेळा ४५ ते ५० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) सापडले आहेत. आपल्या वजनाला आणि सव्वादोन इंची टायरला, ट्यूब असली तरी, २५ ते २८ पुरे होतात; सामान बांधल्यावर मागच्या चाकात दोन-तीन अधिक. बारीक थरथर आधी टायर गिळतो, त्यातून उरलेले फोर्ककडे जाते.

आता सध्याच्या फोर्कविषयी. सायकल दुकानात ज्याला आपण चिमटा म्हणतो, त्यात स्प्रिंग घातली म्हणजे तो आपोआप सस्पेन्शन होतो असे नाही. स्वस्त फोर्कमधली स्प्रिंग सरासरी वजनाच्या किंवा त्याहून जड माणसाला धरून बसवलेली असते, त्यामुळे हलक्या माणसाला ती ताठ लागते. वरची प्रीलोडची घुंडी सैल करून फरक पडेल असे वाटते, पण त्या घुंडीने स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही. स्प्रिंग दबायला सुरुवात कोणत्या भाराला होणार, एवढेच बदलते. खात्री करून घ्यायची असेल तर फोर्कच्या वरच्या चकचकीत नळीवर एक बारीक झिप-टाय सैलसर बांधून खालच्या सीलला, म्हणजे धूळ अडवणाऱ्या रबरी कडीला, टेकवून ठेवावी आणि नेहमीची रविवारची फेरी करून यावी. नळीवर ती जिथपर्यंत सरकली, तिथपर्यंत फोर्क दबला. माझा अंदाज असा आहे की १०० पैकी ५० मिलिमीटरच्या आतच ती थांबलेली दिसेल. तसे असेल, तर हाताशी असलेला निम्मा ट्रॅव्हलच आपण वापरत नाही आणि तरी १४० मिलिमीटर विकत घ्यायला निघालो आहोत, असा त्याचा अर्थ होतो.

आपल्याला हवा तो १०० मिलिमीटरचाच, परंतु हवेवर चालणारा आणि रिबाउंड कमी-जास्त करता येणारा फोर्क. सांगाडा बनवणाऱ्या कंपनीने मान्यता दिली असेल तर फार तर १२०. हवेचा फायदा उघड आहे: शॉक पंपाने दाब बदलून फोर्क आपल्या वजनाला जुळवता येतो आणि सामान बांधल्यावर पुन्हा जुळवता येतो. वजनही घटते. स्वस्त स्प्रिंगचा फोर्क अडीच किलोच्या आसपास भरतो, तर हवेचा साधारण पावणेदोन ते दोन किलोंत येतो. मात्र लांब पल्ल्यासाठी मला वजनापेक्षा रिबाउंड महत्त्वाचे वाटते, आणि दुकानात त्याविषयी क्वचितच कोणी बोलते.

रिबाउंड म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग. खालच्या टोकाला एक लहान घुंडी असते. काही फोर्कवर तिच्या एका बाजूला कासवाचे आणि दुसऱ्या बाजूला सशाचे चित्र असते. ससा फार झाला तर प्रत्येक दगडावर हँडल तळव्यावर उलट आपटते. कासव फार झाले तर त्याहून फसवा प्रकार घडतो. कालव्याच्या काठचा मुरमाचा रस्ता ट्रॅक्टरच्या ये-जा करण्याने कुठे कुठे नालीदार पत्र्यासारखा झालेला असतो. अशा ठिकाणी पहिल्या लाटेला फोर्क दबतो, पुरता वर येण्याआधीच दुसरी लाट येते, मग तिसरी. पाच-सहा लाटांत तो निम्मा खाली बसून राहतो आणि दगडासारखा लागतो. स्वार म्हणतो, फोर्क कडक आहे. तो हवा कमी करतो, फोर्क आणखी खाली बसतो. मी स्वतः एक पूर्ण हिवाळा या चुकीत घालवला, आणि नंतर घुंडी सशाच्या बाजूला तीन टिकटिक फिरवल्यावर त्याच रस्त्यावर हात मोकळे झाले. ज्या फोर्कला ही घुंडीच नाही, तो कितीही नावाजलेल्या कंपनीचा असला तरी लांब पल्ल्यासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हवेच्या फोर्कसोबत नागपूरकराने एक हिशेब लक्षात ठेवावा. बंद हवेचा दाब तापमानाबरोबर बदलतो. समजा सकाळी २५ अंशांत ७० पीएसआय भरले आणि मे महिन्याच्या दुपारी हवा ४५ अंशांवर गेली, तर तोच दाब ७६च्या आसपास जातो. उलट दिशेचा अनुभव जास्त त्रासदायक असतो: दुपारी चाळीस अंशांत ७० भरून फोर्क नीट लावला आणि हिवाळ्यात पहाटे १२ अंशांत बाहेर काढला, तर दाब ६२-६३वर आलेला असतो, आणि हवा गळते आहे असे वाटून माणूस दुकानात धावतो. म्हणून ज्या ऋतूत आणि ज्या वेळी निघायचे त्याच वेळी दाब तपासावा. त्यासाठी शॉक पंपच लागतो. टायरच्या पंपाने हे काम होत नाही, कारण आत हवा थोडीशीच असते आणि दाब बारकाईने लावावा लागतो. पंप काढताना जो फुस्स आवाज येतो तो बहुधा पंपाच्या नळीत अडकलेल्या हवेचा असतो, त्याने घाबरू नये.

खरेदीत पैसे बुडतात ते मापांत. आपल्या सायकलची पुढची नळी वरपासून खालपर्यंत सव्वा इंचाला थोडी कमी, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंची, सरळ स्टीअररची (स्टीअरर म्हणजे या नळीतून वर हँडलपर्यंत जाणारा फोर्कचा दांडा) आहे की खाली दीड इंचापर्यंत रुंद होणाऱ्या निमुळत्या स्टीअररची, हे आधी पाहावे. सरळ स्टीअरर योग्य रिंग लावून निमुळत्या नळीत बसतो. निमुळता स्टीअरर जुन्या अरुंद नळीत बसत नाही. दुसरे माप धुऱ्याचे. जुन्या सायकलींना ९ मिलिमीटरचे क्विक रिलीज (खटक्याने सैल होणारा बारीक धुरा) असते, तर आजचे बरेच चांगले फोर्क १५ मिलिमीटरच्या थ्रू-अ‍ॅक्सलचे (आरपार जाणाऱ्या जाड धुऱ्याचे) असतात, आणि त्यांतही १०० आणि ११० अशा दोन रुंदी आहेत. माप चुकले तर फोर्कच्या मागे हब (चाकाचा मधला भाग), हबच्या मागे संपूर्ण पुढचे चाक, असा खर्च वाढत जातो. ब्रेक कॅलिपरची बैठक आणि डिस्कचा आकारही जुळवून घ्यावा.

नवा स्टीअरर लांब येतो आणि कापावा लागतो. माझ्या दुसऱ्या फोर्कच्या वेळी कारागिराने जुन्या फोर्कवर धरून खूण केली, पण हँडलखालच्या चकत्या मोजायच्या राहिल्या, आणि करवत चालली ती एक सेंटिमीटर खाली. कापलेला तुकडा मी अजून टेबलाच्या खणात ठेवला आहे. हँडल कायमचे एक सेंटिमीटर खाली गेले, आणि दहा तासांच्या स्वारीत मानेला ते एक सेंटिमीटर नेमके कळते. आपण दुकानात स्वतः उभे राहावे, सगळ्या चकत्यांसह माप घ्यायला लावावे आणि एक चकती जास्तीची ठेवूनच कापू द्यावे.

लॉकआउट, म्हणजे फोर्कचे दबणे बंद करणारा खटका, असावा, डांबरी चढावर तो उपयोगी पडतो. परंतु तो फोर्कच्या माथ्यावरचा असावा. हँडलवरून तारेने चालणारा नको, कारण हँडलला पिशवी बांधली की ती तार दबते आणि फोर्क भलत्याच वेळी बंद होतो.

नावेच विचारलीत तर सनटूरचे एक्ससीआर एअर आणि रेडॉन, रॉकशॉक्सचे ज्युडी गोल्ड, रेकॉन आणि रेबा, मॅनिटूचा मार्कोर हे फोर्क आपल्या कामाचे आहेत. रेकॉनमध्ये सिल्व्हरच्या वरच्या नळ्या पोलादी आणि गोल्डच्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतात, वजनातला फरक तिथूनच येतो. ६४ किलोच्या माणसाला १०० मिलिमीटर ट्रॅव्हलमध्ये ३० किंवा ३२ मिलिमीटर जाडीच्या नळ्या पुरेशा आहेत; त्याहून जाड नळ्यांचे पैसे देऊ नयेत. एकाच नावाखाली निरनिराळ्या धुऱ्यांची आणि स्टीअररची आवृत्ती मिळते, तेव्हा मागवताना वरची मापे लेखी द्यावीत.

निवड करताना सर्व्हिसिंगचा विचार शेवटी ठेवू नये. रॉकशॉक्स आणि सनटूर दोघेही सुमारे ५० तास चालवल्यानंतर खालचे पाय उघडून तेल आणि सील पाहायला सांगतात. ५० तास ऐकायला भरपूर वाटतात, पण लांब पल्ल्याच्या स्वाराला ते चार-पाच स्वाऱ्यांत भरतात. ६०० किलोमीटरच्या एका ब्रेव्हेची (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब स्वारीची) वेळमर्यादाच ४० तास आहे. मी पहिल्यांदा फोर्क उघडला तेव्हा आतले तेल चहाच्या गाळासारखे तांबूस-करडे झाले होते आणि सीलखालची स्पंजची रिंग कोरडीठाक होती. धूळ आत गेली की ती नळीवरचा मुलामा घासते, आणि एकदा चरा पडला की हवा आणि तेल दोन्ही टिकत नाहीत. नवे सील मला पुण्याहून मागवावे लागले आणि मध्ये तीन आठवडे सायकल भिंतीला टेकून राहिली, म्हणून आता फोर्कबरोबरच एक सील-संच घेऊन ठेवतो. सायकल गाड्यांच्या वॉशिंग सेंटरवर नेऊन फोर्कच्या सीलवर प्रेशरचे पाणी मारू देऊ नये. ओल्या फडक्याने नळ्या पुसणे पुरेसे आहे.

पावसाळ्याबद्दल एवढेच सांगतो की कुहीकडच्या काळ्या मातीत कोणताही फोर्क चालत नाही. दोनशे मीटरमध्ये टायर आणि फोर्कची कमान यांच्यामधली फट भरते, चाक फिरेनासे होते आणि बाभळीच्या काडीने माती उकरत बसावे लागते. टायर थोडा अरुंद घेऊन फट वाढवता येते, परंतु त्या दिवसांत मुरमाच्या रस्त्यालाच राहिलेले बरे.

आपण विचारले नाही, तरी सस्पेन्शन नसलेल्या फोर्कचाही विचार व्हावा. नागपुरात लांब सायकलिंग म्हटले की लोकांना २०१७ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण करणारे डॉ. अमित समर्थ आठवतात. ती स्पर्धा डांबरी रस्त्यावरची आहे. कच्च्या वाटांवरही काही अनुभवी स्वार साधा पोलादी फोर्क आणि जाड टायर पसंत करतात, कारण त्यात बिघडण्यासारखे काही नसते आणि वजन किलोभरापेक्षा थोडेच जास्त असते. आपला चिखलदऱ्याचा रस्ता बराचसा डांबरी असणार, त्यामुळे हा पर्याय वेडगळ नाही. तो घेतलात तर सस्पेन्शनच्या उंचीला जुळणारा, म्हणजे धुऱ्यापासून माथ्यापर्यंत ४८० ते ४९० मिलिमीटरचा घ्यावा. परंतु हातांना आधीच मुंग्या येत असताना आणि दर रविवारी मुरूम तुडवायचा असताना मी आपल्या जागी असतो तर हवेचाच फोर्क घेतला असता.

फोर्क बसवल्यावर दाब लावताना सायकल रिकामी ठेवू नये. डिसेंबरात नेणार ते सगळे सामान, पाण्याच्या बाटल्यांसह, बांधावे. हँडलवरची तीन किलोची पिशवी पुढच्या चाकावर चांगलीच जाणवते. मग भिंतीला हात टेकून नेहमीच्या बैठकीत बसावे, झिप-टाय सीलपर्यंत सरकवावी आणि धक्का न देता अलगद उतरावे. ती २० मिलिमीटरच्या आसपास दिसली की दाब बरोबर आहे. तो आकडा, त्या वेळचे तापमान आणि कासवाच्या टोकापासून रिबाउंडच्या टिकटिकी एका कागदावर लिहून तो सीटखालच्या पिशवीत ठेवावा. माझा कागद घामाने दोनदा बदलावा लागला आहे.