कियारा काळी की उजळ?

तीस वर्षं मी जन्मदाखले, मृत्युपत्रं आणि करारनामे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आणत आले. या कामात कायद्याच्या शब्दांनी कधी फारसं छळलं नाही, छळलं ते नावांनी. या वेळच्या गठ्ठ्यातली चार पत्रं घेते.

प्रश्न : ताई, मुलीचं नाव 'कियारा' ठेवायचं ठरतंय. एका यादीत अर्थ 'काळ्या केसांची' दिलाय, दुसरीत 'तेजस्वी'. घरात दोन तट पडलेत. खरं काय?

दोन्ही खरं. ही मुळात दोन नावं आहेत, उच्चार घासून घासून एकसारखी झालेली. आयरिश भाषेत 'किअर' म्हणजे काळा, गडद. त्यावरून मुलीचं नाव किअरा आणि मुलाचं किअरन. आयर्लंडमधल्या केरी परगण्याचं नावही 'किअरचे लोक' अशा अर्थाच्या शब्दावरून आलंय.

दुसरी किआरा इटलीची. लॅटिनमधल्या 'क्लारा'चा, म्हणजे स्वच्छ, उजळ या शब्दाचा, इटालियन अवतार. लॅटिन शब्दाच्या सुरुवातीचा 'क्ल' इटालियनमध्ये आला की 'किय' होतो. किल्लीला लॅटिनमध्ये 'क्लाविस', इटालियनमध्ये 'कियावे'. असीसीच्या ज्या संत स्त्रीला (1194–1253) इंग्रजीत क्लेअर म्हणतात, ती तिच्या गावच्या बोलीत किआराच.

तेव्हा तुमच्या घरातले दोन्ही तट बरोबर आहेत. माझा राग आहे तो याद्यांवर. अर्थ छापतात, पण तो कुठल्या भाषेतला ते छापत नाहीत. भाषा न सांगता दिलेला अर्थ म्हणजे गावाचं नाव नसलेला पत्ता. पोस्टमनने जायचं कुठे?

प्रश्न : माझं नाव तारा. परदेशात कामाच्या ठिकाणी आणखी एक तारा भेटली, ती आयरिश. आम्ही दोघी 'एकाच नावाच्या' म्हणून फार खूश आहोत. हे नाव आपल्याकडून तिकडे गेलं का?

तुमचा आनंद मोडायला जिवावर येतंय, पण नाही. तिची तारा ही एक टेकडी आहे. आयर्लंडच्या मीथ परगण्यातली, जुन्या आयरिश महाराजांची गादी जिथे होती ती. आयरिशमध्ये तिचं नाव 'तेवर'च्या जवळपास जातं, इंग्रजांच्या तोंडी त्याची तारा झाली. नक्षत्रांशी तिचा काही संबंध नाही.

पण तुमच्या खऱ्या बहिणी ऐका. आपल्या 'तारा' शब्दाच्या आधी एके काळी 'स' होता. ऋग्वेदात 'स्तृभिः' असं रूप येतं, म्हणजे 'ताऱ्यांनी'. तो 'स' आपल्याकडे गळाला, इतरांनी जपून ठेवला. फारसीत सितारा, ग्रीकमध्ये आस्टर, लॅटिनमध्ये स्टेला, इंग्रजीत स्टार. म्हणजे एखादी सितारा किंवा स्टेला भेटली, तर तिला खुशाल मावसबहीण म्हणा. नाव वेगळं ऐकू येतं, पण रक्ताचं नातं आहे. आयरिश तारा ही नुसती नामसाधर्म्याची. मैत्रीण म्हणून काही वाईट नाही!

असंच एक जोडनाव नाओमी. हिब्रूत त्याचा अर्थ सुखद, गोड. जपानीत हेच नाव बहुधा 'सरळ' आणि 'सौंदर्य' या दोन चिन्हांनी लिहितात. दोघींची कधी गाठच पडली नव्हती.

प्रश्न : अलेक्झांडरचा सिकंदर कसा झाला? 'अल' गेला कुठे?

अरबांनी काढून घेतला. अरबीत 'अल' हे नामाच्या आधी लावायचं उपपद. 'अलेक्झांडर' ऐकल्यावर त्यांना वाटलं, 'अल' आपला, उरलेलं नाव त्याचं. 'क्स'ची 'स्क' अशी उलटापालट झाली आणि झाला अल-इस्कंदर. अलेक्झांड्रिया शहर आजही अरबीत अल-इस्कंदरियाच आहे. तिथून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे सिकंदर. हंगेरीत याच माणसाचा शांदोर होतो, स्कॉटलंडच्या गेलिकमध्ये अलस्टर, रशियात लाडाने साशा.

आणि अर्थ? ग्रीकमध्ये 'अलेक्स' म्हणजे राखणे, 'आंद्र' म्हणजे पुरुष. पहिला संस्कृत 'रक्ष्'चा भाऊबंद, दुसरा 'नर'चा. म्हणजे ज्याला आपण परका समजतो तो मुळात 'नररक्षक'.

या 'आंद्र'ने माझी एकदा चांगलीच फजिती केली. इटालियनमधून एक लांबलचक पत्रव्यवहार मराठीत करत होते. त्यात एक आंद्रेआ. इंग्रजीत बाईचं नाव, म्हणून मीही तिला बाई धरलं. इंग्रजी भाषांतरकाराचं यात काही बिघडत नाही, तो 'सेड' म्हणून मोकळा. मराठी क्रियापद मात्र लिंग ठरवल्याशिवाय पाऊल टाकत नाही. 'आंद्रेआ म्हणाली', 'आंद्रेआ रागावली', अशी चाळीस पानं झाली. एकेचाळिसाव्या पानावर आंद्रेआने दाढी केली. इटलीत ते पुरुषाचं नाव आहे. अर्थ काय तर 'मर्दानी'. चाळीस पानांतली क्रियापदं शोधून शोधून बदलली, तरी एक 'हसली' राहिलीच.

(याच पत्रात बालीमधल्या सहकाऱ्याच्या 'मादे' या नावाविषयीही विचारलंय. ते 'दुसरं अपत्य' सांगणारं नाव आहे, संस्कृत 'मध्य'वरून आलेलं. आपला 'मधला' म्हणा ना. पहिला वायान, तिसरा न्योमान, चौथा केतुत, आणि पाचव्याला पुन्हा वायान! मुलगा असो वा मुलगी, नाव तेच. पुरुषाच्या आधी 'ई' आणि बाईच्या आधी 'नी' लावतात. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस, घानाचे कोफी अन्नान याहून पुढे. कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला, मधलं नाव अट्टा म्हणजे जुळा, अन्नान म्हणजे चौथं अपत्य. 8 एप्रिल 1938 रोजी शुक्रवारच होता, मी मोजून पाहिला. जुळ्या बहिणीचं नाव एफुआ, म्हणजे शुक्रवारचीच.)

प्रश्न : आम्ही दोघांच्या नावांतली अक्षरं जोडून मुलीचं नाव केलं. सासूबाई म्हणतात, कोशात नसलेलं, अर्थ नसलेलं नाव ठेवू नका. काय करू?

सासूबाईंना व्हेनेसाची गोष्ट सांगा. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' लिहिणाऱ्या जोनाथन स्विफ्टने एस्थर नावाच्या मैत्रिणीसाठी हे नाव घडवलं : तिच्या आडनावातला 'व्हॅन' आणि एस्थरच्या लाडक्या रूपातला 'एसा'. तुम्ही केलंत तेच. ते ज्या कवितेत आहे ती 1726 मध्ये छापली गेली. तेव्हा या नावाला काडीचाही अर्थ नव्हता. पुढे 1807 मध्ये फाब्रिसियस या कीटकशास्त्रज्ञाने फुलपाखरांच्या एका गटाला तेच नाव दिलं.

आता व्हेनेसाचा अर्थ एखाद्या यादीत पाहा. 'फुलपाखरू' असं सापडेल. ग्रीक भाषेत, म्हणे.