कोकणात वसंताच्या पहिल्या खुणा बघायला कधी आणि कुठे फिरावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बदली होऊन पुण्याहून मालवणला आलात, तिसरीतल्या मुलीला शाळेने 'परिसरातील वसंताच्या खुणा' शोधायला सांगितल्यात, दिनदर्शिकेत वसंत चैत्रात दाखवलाय, तर घराजवळ फिरून नेमकं काय दिसेल?

आधी एक, चैत्राची वाट बघू नका. गुढीपाडवा येईपर्यंत आमच्याकडचा निम्मा वसंत उरकलेला असतो. माघात निघा, म्हणजे जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. सकाळी सात-साडेसातपर्यंत घराबाहेर पडलात तर उत्तम. दहानंतर ऊनही तापतं आणि पाखरंही गप्प होतात.

दुसरं, खाली बघत चालू नका. गोष्टीच्या पुस्तकांत बर्फ वितळतो आणि जमिनीतून फुलं डोकं वर काढतात, म्हणून मुलं तेच शोधत बसतात. इथे ऑक्टोबरात पाऊस संपला की जूनपर्यंत कोरडं. सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, गवत वाळून पिवळं पडलेलं, जांभ्याचा कातळ तापायला लागलेला. आपल्याकडचा वसंत वर असतो, आणि बऱ्याचदा एकही पान नसलेल्या झाडावर.

आंब्याच्या मोहोराचं नाव सगळे पहिलं घेतात. मी मात्र त्याला वसंताची खूण धरत नाही. हापूसची पालवी निबर झाली आणि थंडी पडली की मोहोर येतो, तो नोव्हेंबर-डिसेंबरातही. त्यात आता पुष्कळ बागायतदार पावसाळ्यातच झाडाच्या बुंध्याशी पॅक्लोब्युट्रॅझोल हे वाढ रोखणारं रसायन घालतात, त्याने मोहोर आणखी लवकर येतो. मालवणजवळच्या कुंभारमाठहून हंगामातली पहिली पेटी थंडीतच मार्केटला गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच. तेव्हा बागेतला मोहोर ऋतूबद्दल कमी आणि मालकाबद्दल जास्त सांगतो. बघायचाच तर रस्त्याकडेचा रायवळ आंबा बघा, त्याला कोणी फवारणीही करत नाही. एखादं म्हातारं माणूस गडग्याशी, म्हणजे दगडी कुंपणाशी, उभं असेल तर विचारा. 'औंदा मोहोर बरो इलो, पण मळभ इला तर सगळो गळतलो,' असं काहीतरी ऐकायला मिळेल. आमच्याकडे मोहोराचं कौतुक कधी नुसतं होत नाही, पुढे 'पण' लागतोच.

माझ्या मते पहिली खरी खूण म्हणजे पांगारा. गडग्याच्या कडेने कुंपणाला लावलेला असतो, कधी मिरीचे वेल चढवायला. पानं गळून गेलेली, फांद्यांवर बारीक काटे, आणि टोकाला लालभडक तुरे. त्याच्याखाली मुलीला घेऊन दहा मिनिटं न बोलता उभे राहा. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, कावळेसुद्धा, सगळे मधासाठी येतात, एकमेकांना हुसकतात, आणि जाताना कपाळाला पराग लावून जातात. झाड पानं टाकतं ते पाणी वाचवायला, पण त्याचा दुसरा फायदा हा, की उघड्या फांदीवरचं लाल फूल पाखराला लांबून दिसतं. मुलीला हे सांगायची गरज नाही, 'पानं असती तर हे तुरे दिसले असते का?' एवढंच विचारा. काटेसावरीचंही तसंच. तिचं फूल अख्खंच्या अख्खं खाली पडतं, पाच जाड पाकळ्या आणि मध्ये पुंकेसरांचा झुबका. बुंध्याला हात लावू देऊ नका, काटे दणकट असतात.

काजू डोळ्याआधी नाकाला कळतो. फुलं अगदी चिमुकली, फिकट, गुलाबी रेघांची, आणि जुनी होतील तशी पुरती गुलाबी होत जाणारी. एकाच तुऱ्यात नुसती नरफुलंही असतात आणि फळ धरणारी द्विलिंगी फुलंही, त्यामुळे एवढ्या फुलोऱ्यातून बोंडं मोजकीच धरतात. कोवळी हिरवी बी लटकायला लागली की मुलीला तोडू देऊ नका. सालीतला चीक कातडी भाजतो, आणि डाग बरेच दिवस राहतात.

फणसाच्या खोडाला कुयऱ्या, म्हणजे कोवळे फणस, लागलेल्या दिसतील. करवंदीच्या जाळीत पांढरी फुलं, शेवग्याला झुपके. हे सगळं चालता चालता होतं.

थांबायचं ते कोवळ्या पानांपाशी. फेब्रुवारीअखेरपासून पिंपळाला तांबूस, चकचकीत पालवी फुटते, आणि मार्चात कोशिंब अख्खाच लाल होतो. लांबून फुलं आल्यासारखं वाटतं, जवळ गेल्यावर कळतं की ती पानं आहेत. कोवळ्या पानात हरितद्रव्य अजून पुरतं आलेलं नसतं, लाल रंगद्रव्य असतं, आणि ते उन्हापासून पानाचा बचाव करतं. मला यातलं सगळ्यात नवल वाटतं ते वेगळंच. पाऊस यायला अजून तीन महिने, विहिरी खाली चाललेल्या, आणि ही झाडं तेव्हाच पालवतात. खोल मुळांचं आणि खोडात साठवलेलं पाणी वापरतात, आणि दिवस मोठा होत चालल्याचं त्यांना कळतं. आपल्याकडे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसात जेमतेम दोन तासांचा फरक, पण झाडांना तेवढा पुरतो.

पाखरांच्या आवाजांसाठी वेगळं कुठे जायला नको. कुटुरगा वर्षभर ओरडतो, पण या दिवसांत थांबायचं नावच घेत नाही. तांबटाचं एकसुरी 'टुक टुक' सुरू होतं. थंडीत गप्प असलेला दयाळ पहाटे विजेच्या तारेवर बसून गायला लागतो, आणि माझ्या कानाला तो कोकिळापेक्षा कितीतरी सरस वाटतो. कोकीळ जरा उशिराने येतो आणि मग कंटाळा येईपर्यंत ओरडतो. तो 'कुहू' नराचा असतो, मादी नुसती 'किक किक' करते. शाळेच्या वहीत 'कोकिळा गाते' असं लिहायच्या आधी मुलीला हे माहीत असू दे.

तुम्ही समुद्राजवळ आहात, तर एक खूण पुण्यात इतकी सहज दिसली नसती. मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढतात तिथे कुरव (सीगल) जमतात. हिवाळ्यात त्यांचं डोकं पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका. फेब्रुवारी-मार्चात काहींच्या डोक्यावर चॉकलेटी टोपी चढायला लागते, कुणाची अर्धवट, कुणाची पूर्ण. हा विणीचा पेहराव. तो अंगावर चढवून ते उत्तरेला निघतात, तपकिरी डोक्याचे कुरव पार लडाख-तिबेटातल्या तळ्यांवर. एकाच थव्यात पांढरी, अर्धी आणि पूर्ण टोपीची किती, हे मोजायला मुलांना फार आवडतं. दुर्बीण नसली तरी चालतं.

सुरंगीसाठी मार्च उजाडू द्या. वेंगुर्ला तालुक्यात ही झाडं जास्त. फुलं पानांच्या मागे, उघड्या फांदीला चिकटून येतात. कळ्या उमलायच्या आत पहाटे काढतात, म्हणून झाड शोधत बसण्यापेक्षा सकाळी बाजारात गजरेवाल्या मावशींकडे जा. वास उग्र आहे, सगळ्यांना झेपत नाही.

जपायच्या गोष्टी दोन. खाजकुयलीच्या शेंगा याच दिवसांत वाळतात आणि त्यांची सोनेरी लव वाऱ्यानेही अंगावर येते, झुडपांत घुसू नका. आणि दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या जंगलात जायचा बेत केलात तर पालापाचोळ्यात बसू नका, अंग झाकणारे कपडे घाला. 2016 पासून तिकडे माकडतापाचे रुग्ण आढळलेत, तो गोचिडीमुळे होतो आणि त्याचे महिने हेच.

एकदाच लांबवर जाण्यापेक्षा घरापासूनची एकच पाणंद धरा आणि आठवड्याने पुन्हा तिथूनच जा. वहीत चिकटवायला सावरीची पडलेली फुलं गोळा केलीत तर पाकळ्या सुट्या करून वर्तमानपत्रात वजनाखाली ठेवा आणि कागद रोज बदला. त्या जाड असतात, ओल्याच चिकटवल्या तर काळ्या पडतात.