शिबिरात वेणी कोण घालणार?

मार्च संपत आला की माझ्याकडे समुपदेशनाला एकाच काळजीचे आईवडील यायला लागतात. मे महिन्यातल्या निवासी शिबिराचे पैसे भरलेले असतात आणि मूल आजवर घराबाहेर एक रात्रही एकटं राहिलेलं नसतं. "राहील ना हो मॅडम? की पैसे परत मागून घेऊ?" काही जणांचं उलटं असतं. मुलाला जायचंच नसतं आणि त्याला धीट करायला म्हणून घरच्यांना पाठवायचं असतं. दोघांनाही माझ्याकडून हो किंवा नाही हवं असतं. ते मला ठाऊक नसतं, ते मुलाकडे असतं. आणि मुलाला "भीती वाटते का रे?" असं सरळ विचारलं तर ते बहुधा "नाही" म्हणून मोकळं होतं.

एका घराची गोष्ट सांगते. त्यांना विचारून सांगतेय, आणि ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. मुलगी अकरा वर्षांची, पाचवीची परीक्षा देऊन सहावीत जाणारी. आपण तिला मनू म्हणू. आई बँकेत, बाबा एका कंपनीत, घरी आजी. शिबिर आठ दिवसांचं, भोरच्या पुढे नीरा-देवघर धरणाच्या बाजूला. तंबूत राहायचं, रानात हिंडायचं, रात्री आकाशदर्शन. मुलांनी मोबाइल आणायचा नाही. संध्याकाळी संयोजक पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार ओळी टाकणार, त्याही रेंज मिळाली तर.

शिबिराचा हट्ट मनूचाच होता, वर्गातली मैत्रीण जाणार म्हणून. पैसे भरले आणि पुढच्याच आठवड्यात रात्री तिच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. मग एके दिवशी जेवता जेवता म्हणाली, मला नाही जायचं.

बाबा माझ्यासमोर बसले ते वैतागूनच. "मी सहावीत नवोदयला गेलो मॅडम. गाव सोडून, ट्रंक घेऊन. हिला आठ दिवस जमत नाहीत?" आई घाईघाईने म्हणाली, "अहो, मी तिला सांगितलंय ना, अजिबात करमलं नाही तर नुसता निरोप पाठव, बाबा गाडी काढून अडीच तासांत येतील. मला तरी कुठे करमणार आहे? ती नसली की घर खायला उठतं." मनू मधल्या खुर्चीत वेणीचं टोक तोंडात धरून बसली होती.

मी दोघांना बाहेर बसायला सांगितलं. मुलांशी बोलताना मी शिबिराबद्दल काय वाटतं ते विचारत नाही. शिबिरातला एक दिवस सांगायला लावते, उठल्यापासून झोपेपर्यंत. तोही दुसरा दिवस. पहिला दिवस गाडीत गाणी म्हणण्यात, तंबू बघण्यात, नावं पाठ करण्यात निघून जातो. घर आठवायला खरी सवड दुसऱ्या दिवशी मिळते.

मनूने सुरुवात केली. सकाळी शिट्टी वाजणार. दात घासायचे. मग आंघोळ, बादलीने. मग कपडे. मग... आणि ती थांबली. तिचे केस कमरेपर्यंत होते. रोज सकाळी आई दोन वेण्या घालून देते, रविवारी न्हायला घालते ती आजी. "वेणी कोण घालणार?" तिने मलाच विचारलं. मी म्हटलं, हा एक प्रश्न झाला, लिहून ठेवू. कागदावर लिहिला. एक लिहिल्यावर बाकीचे भराभर आले. भाजी आवडली नाही तर टाकलेली चालते का? रात्री लघवीला जायचं झालं तर तंबूतून एकटीने बाहेर जायचं का? मैत्रिणीला दुसऱ्या तंबूत टाकलं तर?

शेवटचा प्रश्न खूप वेळाने आला, तोही खाली बघून. आईची अर्धशिशी. डोकं चढलं की आई खोलीत अंधार करून पडते आणि मनू तिला गोळी आणि पाणी नेऊन देते, आजीला टीव्हीचा आवाज कमी करायला सांगते. "मी नसले की कोण देणार?"

हे मला वरचेवर दिसतं. मुलाला शिबिराची जितकी भीती असते तितकीच घराची काळजी असते. आजी आजारी असते, आईबाबांची भांडणं चाललेली असतात, कुत्रा म्हातारा झालेला असतो. त्यात आई लाडाने म्हणते, तुझ्याशिवाय मला करमत नाही. म्हणणारीला ते प्रेम वाटतं. ऐकणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलीला तो निरोप असतो, की मी गेले तर इथे कुणीतरी दुःखी होणार. मग पोट दुखणार नाही तर काय होईल?

त्या कागदावरचं एकेक काम आम्ही वाटून टाकलं. अर्धशिशीचं काम बाबांकडे गेलं, तेही मनूच्या समोर. गोळ्या कुठे असतात हे बाबांना ठाऊकच नव्हतं. मनूने घरी गेल्यावर त्यांना कपाट दाखवलं आणि दोनदा विचारून खात्री केली. भाजी आणि रात्रीच्या लघवीचे प्रश्न तिने स्वतः संयोजकांना फोन करून विचारले. आईने फक्त फोन लावून दिला. मुलींच्या तंबूत एक ताई झोपते, तिला कधीही उठवलं तरी चालतं, हे उत्तर मनूने स्वतःच्या कानांनी ऐकलं. आईने सांगितलं असतं तर ते फक्त समजावणं झालं असतं. (अंथरूण ओलं होण्याची भीती असलेली मुलंही कमी नसतात. सात वर्षांच्या शंभर मुलांत पाच ते दहा जणांना तो त्रास असतो, आणि दहा-अकराव्या वर्षीही काहींचा राहतो. लपवू नका. डॉक्टरांना भेटा आणि शिबिरातल्या ताईंना किंवा दादांना आधी कानावर घालून ठेवा.)

वेणीला मात्र वेळ लागला. आईने आधी केस कापायचं सुचवलं, मनूने साफ नकार दिला. मग शिकायचं ठरलं. पुढच्या भेटीला ती कंगवा आणि रबर घेऊनच आली. माझ्याकडच्या आरशासमोर भांग पाडला तो वाकडा, एका बाजूला केस जास्त गेले, डावी वेणी जमली आणि उजवी कानामागे सैल राहून सुटली. आईचे हात दोनदा उठले. दुसऱ्यांदा मी नुसतं बघितलं तर तिने हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसून राहिली. मनूने वेणी सोडली, पुन्हा घातली, पुन्हा सुटली. मग स्वतःच म्हणाली, "शिबिरात पोनी घालीन. एकच." ते तिचं तिने ठरवलं, म्हणून ते टिकलं.

आता आईच्या त्या वचनाबद्दल. "करमलं नाही तर न्यायला येऊ" हे जवळजवळ प्रत्येक घरात दिलं जातं आणि तयारीत सगळ्यात जास्त घोटाळा तेच करतं. मुलाला त्यातून दोन गोष्टी ऐकू येतात. एक, तुला जमणार नाही असं आईबाबांना वाटतं. दुसरी, प्रत्येक वेळी घर आठवलं की आता निरोप पाठवायचा की नाही, हे ठरवायचं. मग खेळताना, जेवताना मूल तेच ठरवत बसतं. आणि निरोप गेल्यावर तुम्ही आला नाहीत तर शब्द मोडल्यासारखं होतं ते वेगळंच. अमेरिकेत मुलांना उन्हाळी शिबिरांना पाठवायची जुनी रीत आहे. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने, २००७ साली घराच्या आठवणीने होणाऱ्या त्रासावर एक अहवाल काढला होता. त्यातही हेच आहे: असा करार करू नका, मुलाला निर्णयात घ्या, आधी थोडे दिवस नातेवाइकांकडे राहायचा सराव द्या.

मग म्हणायचं काय? मी मनूच्या आईला म्हटलं, खरं सांगा. आठवण येईल. बहुतेक मुलांना येते, रात्री अंथरुणात आणि दुपारी जेवणानंतर मोकळा वेळ असतो तेव्हा जास्त. आली तर काय करशील? मनूने तीन गोष्टी ठरवल्या: ताईला सांगायचं, आईला पोस्टकार्ड लिहायचं, मैत्रिणीशी पत्ते खेळायचे. पन्नास पैशांची चार पोस्टकार्डं पत्ता घालून बॅगेत गेली. आजारी पडलीस तर आम्हाला कळवतील आणि आम्ही येऊच, हेही सांगितलं, कारण तेही खरंच होतं.

बाबांना मी एकच विचारलं, नवोदयचा पहिला आठवडा कसा गेला? ते हसले, मग गप्प झाले. थोड्या वेळाने सांगितलं की रात्री नळावर जाऊन तोंड धुवायचे, म्हणजे रडलेलं कुणाला कळू नये. किती दिवस? "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत." हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री मनूला सांगितलं, आणि त्यानंतर "मी तर सहावीत" हे वाक्य त्या घरात पुन्हा ऐकू आलं नाही.

सरावाला मनू साताऱ्याला आत्याकडे गेली, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार. रात्री आईने फोन करायचा नाही, असं ठरलं होतं. आवाज ऐकला की आवरलेलं रडू परत फुटतं. पहिल्या रात्री ती रडलीच. आत्या उशाशी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी आतेभावंडांबरोबर अजिंक्यताऱ्यावर चढून आली आणि रात्री पडल्या पडल्या झोपली. परतल्यावर मला म्हणाली, "पहिल्या रात्रीच येतं ते."

आईची एक काळजी मात्र मनूसमोर निघाली नव्हती. "तिकडे पाळी आली तर?" अकराव्या वर्षी येऊ शकते, आणि मनूला अजून नीट काही सांगितलेलं नव्हतं, लहान आहे म्हणून. मी म्हटलं, शिबिर हे निमित्त समजा. छोट्या पाउचमध्ये दोन-तीन पॅड, एक जादा चड्डी, कागदी पिशवी. पॅड चड्डीला कसं लावायचं ते घरी एकदा हाताने करून बघू द्या. त्याच बसण्यात शरीराच्या सुरक्षिततेचंही बोलून घ्या: कुणी नको तिथे हात लावला, गुपित ठेवायला सांगितलं, तर मोठ्याने नाही म्हणायचं आणि ताईला लगेच सांगायचं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर पाठ असावा.

आणि संयोजकांना विचारताना लाजू नका. २०२१ पासून राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण आहे, असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. ती आहे का? पाण्यात उतरवणार असाल तर लाइफ जॅकेट सगळ्यांना आहेत का? जवळचा दवाखाना किती लांब? विंचू चावला तर कुठे नेणार? उन्हाळ्यात त्या पट्ट्यात हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि सकाळी बूट झटकून मगच पाय घालायची सवय घरीच लावता येते. या प्रश्नांनी चिडणाऱ्या संयोजकाकडे मी माझं मूल पाठवणार नाही.

सगळ्यांनीच पाठवावं असं माझं म्हणणं नाही. घरात नुकतंच कुणी गेलेलं असेल, आईवडील वेगळे होत असतील, मूल शाळेतही जायला घाबरत असेल, किंवा सराव करूनही ठाम नको म्हणत असेल, तर यंदा राहू द्यावं. धीट करायला म्हणून ढकललेलं मूल बरेचदा पुढची दोन वर्षं मावशीकडेही राहत नाही.

मनू गेली. दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला तिच्या आईचा फोन. ताईंचा मेसेज आला होता: "मनू आज थोडी रडली, आता बरी आहे." गाडीची चावी बाबांच्या हातात होती, नवोदयवाल्या बाबांच्या. मी विचारलं, मेसेजमधले शेवटचे शब्द काय आहेत? आईने वाचून दाखवले. मग आम्ही ताईंना काय लिहायचं ते ठरवलं: "कळवल्याबद्दल आभार. तिने काय करायचं ते ठरवलेलं आहे, तिला आठवण करून द्या." बाबांनी चावी ठेवली, पण झोपले नाहीत म्हणे. तिसऱ्या दिवशीच्या फोटोत मनू चिखलाने भरलेली होती, चौथ्या दिवशीच्या फोटोत तिला शोधावं लागलं.

परत आल्यावर पहिल्याच मिनिटाला "आमची आठवण आली का?" विचारू नका, असं मी सांगून ठेवलं होतं. मनू आली, जेवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली. गोष्टी आठवडाभर तुकड्यातुकड्याने निघत राहिल्या. चारपैकी दोन पोस्टकार्डं ती घरी पोचल्यावर आली, ती तिने स्वतःच पोस्टमनकडून घेतली आणि आईला वाचू दिली नाहीत. मैत्रीण खरंच दुसऱ्या तंबूत गेली होती. पोनीचं काय झालं विचारलं तर म्हणाली, दोनच दिवस घातली, मग तंबूतल्या सगळ्या मुली ओळीने बसून पुढचीच्या वेण्या घालायच्या.

पुढच्या आठवड्यात आईचा पुन्हा फोन आला. उवा झाल्या होत्या. मी तिला केमिस्टकडे पाठवलं, आणि बारीक दातांची फणीही घ्यायला सांगितली.