इंग्लंडमध्ये घर ठरवण्यापूर्वी: कौन्सिलच्या अनुदानाविषयी एका आईचे उत्तर

ताई, तुमचे यजमान नोकरीनिमित्त इंग्लंडला येत आहेत, तुमचा नऊ वर्षांचा मुलगा व्हीलचेअर वापरतो, आणि तिथली कौन्सिल, म्हणजे स्थानिक पालिका, घरात लिफ्ट आणि सोयीचे बाथरूम करून देते हे खरे का, असे तुम्ही विचारले आहे. खरे आहे. पण माझाही मुलगा याच देशात व्हीलचेअरवर वाढला, त्यामुळे एवढ्या उत्तरावर मला थांबता येत नाही.

व्हिसाचे नियम सरकारी संकेतस्थळावर आहेत, ते इथे पुन्हा उगाळत नाही. नोकरीच्या बहुतेक व्हिसांवर सरकारी मदत न घेण्याची अट असते, तेव्हा तुमचे कुटुंब या अनुदानाला पात्र आहे की नाही, हे त्या कौन्सिलकडून निघण्यापूर्वीच लेखी मागवा. आम्ही अर्ज केला तेव्हा आम्हाला कायम वास्तव्याची परवानगी मिळालेली होती.

या अनुदानाला डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट म्हणतात आणि ते 1996 च्या कायद्याने दिलेले आहे, म्हणजे काम आवश्यक आणि योग्य असेल, त्या घरात ते करता येण्यासारखे असेल आणि अर्जदार अटींत बसत असेल, तर कौन्सिलला नाही म्हणता येत नाही. मुलासाठीच्या अर्जात आईवडिलांचे उत्पन्न पाहिले जात नाही. इंग्लंडमध्ये कमाल रक्कम 30,000 पौंड आहे. हा आकडा 2008 पासून जागचा हललेला नाही, बांधकामाचे दर मात्र तेव्हापासून कुठल्या कुठे गेले आहेत. जिन्याची लिफ्ट किंवा उंबरठा नसलेला शॉवर एवढ्यात बसतो, पण तळमजल्यावर नवी खोली आणि बाथरूम बांधायचे तर बहुधा बसत नाही, आणि त्या मर्यादेपलीकडचे पैसे द्यायचे की नाही हे कौन्सिलच्या मर्जीवर राहते.

पूर्ण अर्ज हाती आल्यापासून सहा महिन्यांच्या आत कौन्सिलने निर्णय दिला पाहिजे, असे कायदा म्हणतो, आणि इथेच ग्यानबाची मेख आहे. अर्जाआधी ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे अपंग माणसाला रोजची कामे कशी जमतील हे पाहणाऱ्या तज्ज्ञाने (सगळे त्यांना ओ.टी. म्हणतात), घरी येऊन मुलाची गरज नोंदवायची असते. त्यांच्या भेटीसाठी रांग असते, आणि रांगेतला एकही दिवस त्या सहा महिन्यांत धरला जात नाही. शिवाय काही भागांत दोन पातळ्यांवर कौन्सिली असतात: ओ.टी. मोठ्या भागाच्या काउंटी कौन्सिलचे आणि अनुदान त्यातल्या लहान भागाच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलचे. एकीकडे फोन करावा तर कागद दुसरीकडे गेलेला असतो, दुसरीकडे विचारावे तर तो अजून आलेला नसतो. आमचा अहवाल असाच मध्येच अडकून पडला. ‘आपली केस प्रगतिपथावर आहे’ हे वाक्य मला आजही सहन होत नाही.

त्या काळात आमच्या घरात काय चालले होते ते सांगते. इथल्या जुन्या दुमजली घरांत संडास आणि बाथरूम बऱ्याचदा वरच्या मजल्यावरच असते, आणि जिना एवढा अरुंद असतो की मुलाला उचलून नेणाऱ्याचे कोपर भिंतीला घासते. आमच्या जिन्याच्या भिंतीवरचा रंग नेमका त्या उंचीवर उडाला होता. मुलगा मोठा होत गेला तसा त्याच्या बाबांच्या पाठीने दगा दिला, आणि कुणाला काही न सांगता मुलाने दुपारनंतर पाणी पिणे सोडले, म्हणजे संध्याकाळी त्याला वर न्यावे लागू नये. हे माझ्या ध्यानात आले ते त्याच्या डब्यासोबतची पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत येऊ लागल्यावर. सकाळी त्याला वर आंघोळ घालून खाली आणेपर्यंत वेळ जाई, म्हणून शाळेने त्याच्या नावावर उशिराच्या नोंदी केल्या आणि वक्तशीरपणाविषयी आम्हाला पत्र पाठवले. ज्या शाळेत त्याला उचलायला यंत्र होते, रुंद दाराचे स्वच्छतागृह होते, तिला त्याचे घर कसे आहे हे विचारावेसे वाटले नाही, याचा सल अजून गेलेला नाही.

तक्रार करायला लाजू नका. आधी कौन्सिलच्या अंतर्गत प्रक्रियेतून जावे लागते. तिथे समाधान झाले नाही तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन, म्हणजे लोकपालांकडे जाता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. आमच्या बाबतीत त्यांनी दिरंगाई मान्य केली आणि कौन्सिलला माफी मागायला लावली. माफीचे पत्र माझ्याकडे आहे, पण मुलाची ती वर्षे त्याने भरून आलेली नाहीत. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की लोकपालांचे निर्णय तक्रारदाराचे नाव वगळून, पण कौन्सिलच्या नावासह प्रसिद्ध होतात. शहर निवडायची थोडी जरी मुभा असेल, तर तिथल्या कौन्सिलविरुद्ध अशा घरदुरुस्तीच्या तक्रारींवर काय निकाल लागले आहेत ते आधी वाचा. शाळांचे गुणांकन नंतर पाहिले तरी चालेल.

भाड्याच्या घरालाही हे अनुदान मिळू शकते, मात्र घरमालकाची संमती लागते आणि साधारण पाच वर्षे तिथेच राहण्याचा इरादा लिहून द्यावा लागतो. नव्याने आलेल्या माणसाने तो कशाच्या जोरावर द्यायचा, हे मला कुणी समजावू शकलेले नाही. आणि मंजुरीपूर्वी काम सुरू करू नका, कारण सुरू झालेल्या कामाला सहसा पैसे मिळत नाहीत. कंत्राटदार कितीही घाई करो.

एकटेपणाविषयीही तुम्ही विचारले आहे. त्याची सवय होते. मला सवय झाली नाही ती एकाच गोष्टीची: सांगलीला आमच्या वाड्यात याला उचलायला दोन काका आणि शेजारचा गडी होता आणि सगळे तळमजल्यावर होते, आणि तरीही कायद्याने मिळणाऱ्या हक्काच्या ओढीने आम्ही त्याला इथे घेऊन आलो. ते बरोबर होते का, याचे उत्तर मी मुलाला विचारलेले नाही. लिफ्ट बसली तेव्हा तो दिवसभर एकटाच वरखाली करत होता, हे मात्र तितकेच खरे आहे.

म्हणून कौन्सिल पुढे काय करून देईल या भरवशावर घर घेऊ नका. आज आहे तसेच ज्यात राहता येईल असे घर घ्या, खाली संडास असलेले, शक्यतो बंगलो, म्हणजे इथले एकमजली घर. करारावर सही करण्यापूर्वी तळमजल्याचा नकाशा आणि संडासाच्या दाराची मोकळी रुंदी मला कळवा, मुलाच्या खुर्चीचे मापही सोबत द्या. मी पाहून सांगेन.