'पुट ऑफ' म्हणजे रद्द नव्हे

इंग्रजीतल्या 'पुट ऑफ'ची दोन वाक्यं पाठवून तुम्ही त्यांचा अर्थ विचारलात. पहिलं, 'द मीटिंग हॅज बीन पुट ऑफ', हे वाचून तुम्ही मीटिंग रद्द झाली असं धरलंत, आणि दोन दिवसांनी ती झाली तेव्हा तुम्ही तिथे नव्हता. ही चूक बरेच जण करतात. आपल्या घरात दिवा ऑफ होतो, पंखा ऑफ होतो, त्यामुळे 'ऑफ' ऐकलं की 'बंद' हेच डोक्यात येतं. इथे मात्र 'ऑफ' म्हणजे दूर. काम आजपासून लांब सारलं, म्हणजेच पुढे ढकललं. रद्द करण्याला 'कॉल ऑफ' म्हणतात. मेलमध्ये 'कॉल्ड ऑफ' असेल तर डायरीतून खोडा, 'पुट ऑफ' असेल तर लगेच नवी तारीख विचारा.

तुमचं दुसरं वाक्य, 'द स्मेल पुट मी ऑफ', यातही तेच 'दूर' आहे, फक्त इथे मन दूर जातं. आपण म्हणतो ना, वासानेच खाण्यावरची वासना उडाली, अगदी तेच. कुणी पेपर सोडवताना शेजारी पेन टकटक वाजवतं, तेव्हा 'यू आर पुटिंग मी ऑफ' म्हणजे माझं लक्ष उडतंय. वासना उडते, लक्ष उडतं. मराठीतलं हे 'उडणं' धरून ठेवलंत तर हे दोन्ही अर्थ पाठ करावे लागणार नाहीत.

माणसालाही 'पुट ऑफ' करतात. घरमालक डिपॉझिट परत द्यायला आज-उद्या करत राहतो, तेव्हा 'ही कीप्स पुटिंग मी ऑफ', म्हणजे टोलवतो.

आता रचना, कारण खरी गोची इथेच होते. मी संध्याकाळी इंग्रजी शिकवतो. मराठी माध्यमाच्या मुलांच्या वह्यांत 'आय पुट ऑफ इट' हमखास सापडतं. 'इट', 'हिम', 'देम' अशी सर्वनामं मधेच बसतात: 'आय पुट इट ऑफ'. 'ट्रिप'सारखं नाम असेल तर मधे किंवा नंतर, दोन्ही चालतं. पुढे क्रियापद आलं तर त्याला 'आयएनजी' लावा: 'आय पुट ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट'. 'पुट ऑफ टू गो' चूक आहे. भूतकाळातही 'पुट'च राहतं.

दिव्यासाठी 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' वापरा, आणि आग विझवायला 'पुट आउट'.