दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन आयर्न क्रॉस या लष्करी पदकाच्या मागच्या 'एल/१६' किंवा नुसत्या '४' वरून त्याचं साल सांगता येतं का?

नेमकं साल नाही, पण अंदाज बांधता येतो. हे दोन्ही शिक्के जर्मनीतल्या ल्यूडेनशाइड गावच्या श्टाइनहाउअर उंड ल्यूक या एकाच कारखान्याचे आहेत. 'एल' असलेला आकडा दुकानात खासगी विक्रीसाठी, तर नुसता आकडा सरकारकडून प्रदान होणाऱ्या पदकांसाठी. ही आकड्यांची पद्धत १९४१च्या सुमारास रुळली, म्हणून सुरुवातीच्या बऱ्याच पदकांवर काहीच कोरलेलं नसतं. शिक्का नाही म्हणून लगेच नकली ठरवू नका.

धातूही बघा. त्या काळचे इतर लष्करी बिल्ले आधी तांब्याच्या मिश्रधातूचे, वजनदार असत. युद्ध लांबलं तसं जस्त आलं आणि त्यावरचा मुलामा उडून राखाडी रंग उघडा पडतो. आयर्न क्रॉसचा गाभा मात्र सहसा लोखंडाचा, त्यामुळे लोहचुंबक जवळ धरून पाहाच.

१९३९ साल कोरलेल्या क्रॉसवर स्वस्तिक नसेल तर ती स्वस्तिकाशिवाय पदकं घालू देणाऱ्या पश्चिम जर्मनीच्या १९५७च्या कायद्यानंतरची आवृत्ती. आणि एक कळकळीनं सांगतो, शिक्का मारणं नकली माल बनवणाऱ्याला सगळ्यात सोपं असतं. पिन, बिजागरी आणि आकड्याचं वळण त्याच कारखान्याच्या खात्रीच्या नमुन्याशी जुळल्याशिवाय पैसे देऊ नका.